बोरघाट दिवसाउजेडी: अण्णांना कुठल्या गाडीने न्यावं?

टपालवाल्याची लेक

नमस्कार. इथले रेल्वेवरचे धागे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, आरएमएसमध्ये होते. रेल्वे मेल सर्व्हिस, धावत्या गाडीत टपाल लावणारी. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या मेलगाडीच्या डब्यात उभं राहायचं, समोरच्या लाकडी खणांत गावागावांची पत्रं टाकत जायचं, थैल्या बांधायच्या, स्टेशन आलं की उतरवायच्या. मग एक रात्र आड तसंच परत. अशी सव्वीस वर्षं. एवढ्या वर्षांत कर्जत-लोणावळा घाट त्यांनी हजारो वेळा ओलांडला, पण पाहिला कधीच नाही. रात्रीची वेळ, डब्याला जाळ्या, डोक्यावर पिवळा दिवा आणि पुण्याच्या थैल्या वेळेत बांधायची घाई. अण्णा म्हणतात, "घाट आम्हाला पायांनी कळायचा." कर्जतला मागून धक्का बसला की डावा पाय मागे रोवायचा, मग लोणावळ्यापर्यंत तो हलवायचा नाही.

आता त्यांना ८१ वं चालू आहे. काचबिंदूने दृष्टी बरीचशी नेली. कडेचं काहीच दिसत नाही, समोरचं धूसर दिसतं, उजेड-अंधार नीट कळतो. परवा जेवताना एकदम म्हणाले, "दिवसाउजेडी घाट बघायचा राहून गेला."

आम्ही डोंबिवलीला राहतो. कल्याणहून कुठली गाडी घ्यावी? कुठल्या बाजूची खिडकी? व्हिस्टाडोमचं तिकीट काढावं का? पैशांचा प्रश्न नाही, पण फेरी एकदाच होईल असं वाटतंय, म्हणून नीट विचारतेय.

सह्यभटका

ताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत.

डोळे झाकून व्हिस्टाडोम घ्या. मुंबई-पुणे मार्गावर हा डबा पहिल्यांदा डेक्कन एक्स्प्रेसला लागला, जून २०२१ मध्ये. मग त्याच वर्षी डेक्कन क्वीनला आणि २०२२ मध्ये प्रगतीला. मोठ्या काचा, छतालाही काच, खुर्च्या फिरवता येतात. तुमच्यासाठी डेक्कन एक्स्प्रेस उत्तम, कारण सकाळच्या उन्हात घाट लागतो आणि कल्याणला थांबतेही.

बाजू डावी. पुण्याकडे जाताना उल्हास नदीचं खोरं डावीकडे उघडतं आणि पलीकडे राजमाची दिसतो, श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन्ही बालेकिल्ले. पावसाळा संपता संपता गेलात तर समोरच्या कड्यावरून किती धारा कोसळतात ते मोजायला बसू नका, गाडी संपेल.

पळसदरी

डावी बाजू बरोबर, पण संपूर्ण घाटाला नाही. माझं बालपण या रुळांच्या कडेला गेलंय म्हणून सांगतो.

कर्जत सोडलं की पळसदरी येतं. इथून खोपोलीचा फाटा खाली जातो आणि आपली गाडी चढायला लागते. सुरुवातीला उजवीकडे बघायचं. खोपोलीकडचा सपाट मुलूख हळूहळू खाली जातो, भातखाचरं आधी शेतांएवढी, मग रुमालाएवढी होतात. आपण चढतोय हे त्या खाचरांवरून कळतं, गाडीच्या वेगावरून नाही. मग ठाकूरवाडी. त्यानंतर बोगदे एकामागून एक लागतात आणि डोंगराची धार ओलांडून गाडी उल्हास खोऱ्याच्या अंगाला येते. इथून मंकी हिल आणि पुढे डावी बाजू. खंडाळ्याजवळ पुन्हा उजवीकडे मान वळवायची, नागफणीचा सुळका त्या बाजूला आहे.

अण्णांना कडेचं दिसत नसेल तर त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा. गर्दीचा वार टाळलात तर दोन्ही बाजू मिळतील. शनिवार-रविवार नको.

निवृत्त चालक

कर्जतचा धक्का अण्णांना आठवतो हे वाचून बरं वाटलं. तो धक्का मी स्वतः बरीच वर्षं दिलाय. बँकरवर होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घाटाची सर्वांत कठीण चढण ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. कागदावर हे काही वाटत नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं आणि पावसात दोन्ही ओले असतात. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला दोन किंवा तीन इंजिनं लावतात, तीच बँकर. ती मागून रेटतात. पुढेच का लावत नाहीत, असं लोक विचारतात. सगळी ओढ पुढून आली तर पहिल्या डब्यांच्या जोडणीवर अख्ख्या गाडीचा ताण येतो. जोडणी तुटली तर मागचा भाग उताराला लागतो. मागे इंजिन असेल तर ताणही वाटला जातो आणि गाडी तुटली तरी मागे आधार असतो. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि पुन्हा खाली कर्जतला जातात, पुढच्या गाडीसाठी.

खरी परीक्षा उतरताना. खाली येणाऱ्या गाडीला घाटात ठरलेल्या जागी थांबावंच लागतं, स्टेशन असो नसो. ब्रेक धरतात की नाही ते तिथे सिद्ध करायचं. तिथला सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा जोड, मुळात मुख्य मार्गाला लावलेलाच नसतो. तो कॅच साइडिंगला लावलेला असतो, म्हणजे डोंगराच्या अंगाला वर चढत जाणारा, वाळू भरलेला रूळ. गाडी थांबली तरच सांधा फिरतो आणि सिग्नल मिळतो. न थांबणारी गाडी वाळूत जाऊन रुतते, दरीत जात नाही. प्रवासी कंटाळतात, "मध्येच का उभी राहिली" म्हणतात. त्यांना सांगावंसं वाटतं की हा दोन मिनिटांचा थांबा तुमच्यासाठीच आहे.

म्हणून माझा सल्ला: जाऊन-येऊन करा. चढण आणि उतरण हे दोन वेगळे घाट आहेत.

लेडीज पास

सगळ्यांची माफी मागून मी व्हिस्टाडोमला विरोध नोंदवते.

एकवीस वर्षं पुणे-मुंबई पासवर काढली. पहाटे उठून डबे भरून निघालेल्या आम्ही बायका लोणावळ्यानंतर निम्म्या झोपलेल्या असायचो. मीही. पण झोपेतसुद्धा कुठे आलो ते कळायचं. बोगद्यात शिरताना कान दडपतात. लांब बोगद्यात आवाज आधी वाढतो आणि मग स्थिर होतो, आखूड बोगद्यात नुसती एक चापट बसल्यासारखा येऊन जातो. पुलावर गाडीचा आवाज खालून यायचा थांबतो आणि सगळं पोकळ होतं. दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत एक क्षण दरीतला गार वारा येतो. पावसाळ्यात त्याला ओल्या दगडाचा वास, मार्चमध्ये वणव्याचा, मे महिन्यात करवंदांचा. कर्जत जवळ आलं की वड्याचा वास, तेव्हा मात्र सगळ्याच जाग्या.

हे सगळं काचबंद एसी डब्यात मिळत नाही. ताई, तुमच्या वडिलांनी घाट पायांनी ओळखला आणि आता डोळे साथ देत नाहीत. त्यांना काचेमागे कशाला बसवता? त्याच डेक्कन एक्स्प्रेसला साधे सेकंड सीटिंगचे डबे आहेत. खिडकी उघडी टाका, आणि त्यांच्या हातात एक टॉवेल द्या, तोंड पुसायला.

सह्यभटका

लेडीज पास, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा सल्ला मागे घेतो. उघडी खिडकी.

टपालवाल्याची लेक

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाईंना माझा नमस्कार सांग. आणि चालकांना सांग, धक्का फार जोरात द्यायचे, एकदा साताऱ्याचा अख्खा खण माझ्या अंगावर आला होता."

चालक काका, ते हे प्रेमाने म्हणतायत.

त्यांनी अजून एक विचारलंय. घाटात पूर्वी गाडी उलटी जायची असं जुने लोक त्यांना सांगायचे. खरं आहे का?

नकाशे

खरं आहे. याचं उत्तर देताना थोडं मागे जावं लागेल.

आधी नाव. हा बोरघाट. इंग्रजी कागदांत त्याचं 'भोर' झालं आणि ते परत आपल्याकडे आलं. पुण्याच्या दक्षिणेच्या भोर गावाचा याच्याशी संबंध नाही.

बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली हे सगळ्यांना पाठ असतं. पण मुंबईच्या व्यापाऱ्यांना ठाण्याला जायचं नव्हतं, देशावरचा कापूस खाली आणायचा होता. मध्ये सह्याद्री उभा. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. म्हणजे काही वर्षं अशी गेली की खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचं.

मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. पंचवीस किलोमीटरच्या आसपास लांबी, एकूण चढ १,८३१ फूट, पंचवीस बोगदे. बर्कली यांनी तो दिवस पाहिला नाही, १८६२ मध्येच ते गेले.

आता अण्णांचा प्रश्न. खंडाळ्याच्या खाली एका धारेवर पुढे जायला जागाच नव्हती. गोल वळण घेऊन चढायचं तर डोंगर पुरेना. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि ती उलट दिशेने पुढचा चढ चढायची. जिन्याच्या मधल्या चौकात आपण जसे वळतो तसं. १९२९ मध्ये विजेची इंजिनं आली. त्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. जुना बांधीव भाग अजून उभा आहे. अण्णांच्या आधीच्या पिढीतल्या टपालवाल्यांनी ती उलटी चाल नक्की अनुभवली असणार.

बोगदे मोजायचे असतील तर आधीच सांगतो, पंचवीस ही १८६३ च्या मार्गाची गणती. आज तीन मार्ग आहेत, काही ठिकाणी एकमेकांपासून बरेच लांब, त्यामुळे तुमची गाडी कुठल्या मार्गावरून जाते त्याप्रमाणे आकडा बदलतो.

पळसदरी

विजेच्या त्या पहिल्या मालगाडी इंजिनांना आमच्याकडे 'खेकडा' म्हणायचे. त्यातली सुरुवातीची स्वित्झर्लंडहून आलेली. मध्ये उंच खोली आणि दोन्हीकडे पुढे आलेली नाकं. वळणावर अंग मोडत चालायची. त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. आजोबा त्याच्या आवाजावरून पाऊस किती पडलाय ते ओळखायचे, चाकं घसरायला लागली की.

माळरान

नकाशे यांनी चांगलं लिहिलंय. पण बर्कली आणि फ्रिअर यांची नावं आली, बोगदा ज्यांनी खोदला त्यांचं काय? त्यांची नावं कुठेच नाहीत, हे मला दर वेळी टोचतं, म्हणून लिहितो.

आम्ही वडार. आमच्या घरात सांगतात की पणज्याचा बाप या घाटात दगड फोडायला होता. कागद नाही माझ्याकडे. पण जे नोंदलं गेलंय ते पुरेसं आहे. १८६१ च्या सुमारास एका वेळी ४२,००० माणसं या घाटात काम करत होती. बाप्ये, बाया, पोरं. तेव्हा डायनामाइट नव्हतं, त्याचा शोधच १८६७ चा. हातात पहार आणि घण, भोक पाडून त्यात काळी दारू ठासायची. कातळ म्हणजे आपला काळा बेसाल्ट, छिन्नीला दाद न देणारा. जिथे उभं राहायला जागा नाही तिथे माणसं दोराने कड्यावरून खाली सोडायचे. पावसाळ्यात काम बंद, म्हणजे मजुरीही बंद. आणि पटकी. छावण्यांमध्ये पटकीची साथ आली की एका रात्रीत तळ रिकामा व्हायचा, काही पळून गेलेले, काही गेलेले. हजारो माणसं मेली या कामात.

जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून इथे मजूर उठले, मोठी दंगल झाली. पहिला कंत्राटदार फेव्हिएल त्या वर्षी काम सोडून गेला. १८६० मध्ये सरकारने मालक आणि मजूर यांच्या तंट्यांचा कायदा केला, रेल्वे-कालव्यांच्या मजुरीचे तंटे त्यात आले. म्हणजे आपल्या माणसांनी तेव्हाही तोंड उघडलं होतं, हे पोरांना सांगायला हवं.

दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांत आजाराने वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुढे चालवून काम पुरं करून घेतलं. तिच्याबद्दल मला आदर आहे. परक्या मुलखात नवरा गेल्यावर परत न जाता तिने हे निभावलं. तिच्या अल्बममध्ये या कामाचे फोटो आहेत. त्यात कमानींवर मुंगीएवढी माणसं दिसतात. मी ती मोठी करकरून पाहतो. चेहरा एकही ओळखू येत नाही.

सह्यभटका

माळरान, मनापासून धन्यवाद. एक नाव मात्र लोकांनी जपलंय, शिंगरोबा. जुन्या हायवेवर खोपोलीच्या वर घाटात त्याचं देऊळ आहे. कथा अशी की साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा धनगराने आपल्या मेंढरांची वाट दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, देश सोडा. त्याला गोळी घातली. ट्रकवाले आजही तिथे हात जोडतात, नाणं टाकतात.

नकाशे

लोककथा आहे, समकालीन कागदात आधार मिळत नाही. या घाटाची वाट तर साहेबाच्या फार आधीची. कार्ले-भाजे लेणी आणि राजमाचीचा पहारा हे सगळं याच व्यापारी वाटांवर बसलंय. पण माळरान म्हणतात ते लक्षात घेतलं की वाटतं, हजारो बिननावाच्या माणसांसाठी लोकांनी एक नाव उभं केलं असेल. देवळापाशी मीही थांबतो.

माळरान

बरोबर. आणि आजही तेच काम चालू आहे हो. पावसाळ्याआधी घाटात हिल गँग फिरते. कमरेला दोर बांधून कड्यावर चढायचं, सुटायला आलेला दगड पहारीने आधीच पाडायचा, म्हणजे तो जुलैत गाडीवर पडणार नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या बाजूला दरडी आणि भराव खचून किती दिवस गाड्या बंद होत्या ते आठवा. भर पावसात तो मार्ग पुन्हा उभा करणारी माणसं कड्याला लटकूनच काम करत होती. ताई, खिडकीतून पिवळ्या रेनकोटातली माणसं दिसली तर अण्णांना सांगा. हात करा त्यांना.

हडसनकाठी

न्यू जर्सीतून वाचतेय. माहेर तळेगाव. टपालवाल्याची लेक, जमलं तर फोनवर आवाज रेकॉर्ड कराल का? फोटो खूप आहेत सगळ्यांकडे. आवाज कुणाकडेच नाही.

टपालवाल्याची लेक

जाऊन आलो. गणपती झाल्यावरचा मंगळवार, कल्याणहून डेक्कन एक्स्प्रेस, सेकंड सीटिंग, डावी खिडकी. डबा अर्धा रिकामा होता, त्यामुळे पळसदरी यांनी सांगितल्याप्रमाणे आधी उजवीकडे बसलो आणि ठाकूरवाडीनंतर बाजू बदलली.

कर्जतला वडे घेतले. अण्णा खात होते. मागून इंजिनं लागली, गाडी हलकीशी दबली. अण्णा बसलेले होते, तरी त्यांचा डावा पाय आपोआप मागे सरकला आणि बाकाच्या दांडीला टेकला. मी काही बोलले नाही.

पहिल्या बोगद्यात उजेड गेला तो त्यांना स्पष्ट कळला. बाहेर आल्यावर म्हणाले, "एक." मग मोजतच राहिले. दरीचं त्यांना हिरवं-पांढरं एवढंच दिसलं. मी राजमाची कुठे आहे ते त्यांचा हात धरून दाखवलं. "पुसटसं काहीतरी आहे," म्हणाले. मला वाटतं माझ्यासाठी म्हणाले.

मंकी हिलच्या अलीकडे एका बोगद्यातून बाहेर पडताच खिडकीतून पाणी आलं, तोंडावर, चष्म्यावर. डोंगरावरून धार थेट रुळांच्या कडेला पडत होती. दोन-तीन सेकंद मोठा सूं आवाज आणि पुन्हा बोगदा. अण्णांनी तोंड पुसलंच नाही. बोगद्यात शांत बसले. बाहेर आल्यावर विचारलं, "हे काय होतं?"

म्हटलं, धबधबा.

"पावसाळ्यात दर फेरीला हा आवाज यायचा. इथेच. आम्ही सगळे म्हणायचो, ब्रेकची हवा सुटली. सव्वीस वर्षं." मग बराच वेळ हसत होते. पुढच्या दोन धबधब्यांना त्यांनी आधीच तोंड खिडकीकडे केलं.

बोगद्यांचा हिशोब त्यानंतर चुकला. पिवळ्या रेनकोटातली चार माणसं दिसली, आम्ही दोघांनी हात केला, त्यातल्या एकाने पहार उंचावली. उतरताना संध्याकाळी गाडी घाटात थांबली तेव्हा डब्यात कुणीतरी कुरकुरलं, तर अण्णांनी त्याला कॅच साइडिंग समजावून सांगितलं, चालक काकांच्या शब्दांत.

हडसनकाठी, रेकॉर्डिंग केलंय, चाळीस मिनिटांचं आहे, निरोपातून पाठवते.

चालक काका, अण्णांनी तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. चढताना मागच्या इंजिनातल्या माणसाला समोर काय दिसतं?

निवृत्त चालक

गाडीचा शेवटचा डबा आणि गार्डचा लाल दिवा. तासभर तेवढंच.

फक्त वळणावर अख्खी गाडी दिसते. रात्रीच्या मेलगाडीला सगळे डबे अंधारात असायचे, लोक झोपलेले. एका डब्यात मात्र पिवळा उजेड आणि जाळीमागे उभी माणसं, हात सारखे हलतायत. टपालवाले आहेत एवढं माहीत होतं. त्या वेळी मी माझ्या मदतनीसाला म्हणायचो, बघ, आपल्याशिवाय अजून कोणीतरी जागं आहे.

अण्णांना सांगा, धक्का जोरात बसला असेल तर माफ करा. ओल्या रुळावर हलका देता येत नाही.